अठरा-पंचावन्न विकून चोवीस-सत्तर घेण्याआधी

लग्नसराई संपली की नव्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किट लेन्स काढून टू पॉइंट एट घेऊ का?" म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली अठरा-पंचावन्न मिलिमीटरची झूम विकून एफ २.८ ची महागडी चोवीस-सत्तर घेऊ का (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). मी हो-नाही काहीच सांगत नाही. दोन दिवसांसाठी लेन्स भाड्याने आणा आणि स्वतः तपासा, एवढंच सांगते. पण तपासायचं कसं, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. भर दुपारी बारा वाजता नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, उभं राहून दोन्ही लेन्सनी एफ ८ ला नारोशंकराचं देऊळ टिपलं, तर लॅपटॉपवर बघूनही कुठला फोटो कशाचा ते सहजी ओळखू येणार नाही. मग पोरं म्हणतात, फरकच नाही! फरक आहे. तो दुपारी बारा वाजता नसतो, इतकंच.

लेन्स भाड्याने आणण्याआधी एक काम घरबसल्या करा. गेल्या वर्षातले तुमचे स्वतःचे, हातातून सुटलेले किंवा कसेबसे जमलेले फोटो उघडा आणि त्यांचं अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप, म्हणजे एफचा आकडा), फोकल लेंथ (मिलिमीटरचा आकडा), शटर (ते किती सेकंद उघडलं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) बघा. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये हे गाळून काढता येतं. ते नसेल तर विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही दिसतं. बिघडलेले बहुतेक फोटो ५५ मिलिमीटर, एफ ५.६, आयएसओ ६४०० असे निघाले तर पुढे वाचा. बहुतेक १८ मिलिमीटरला आणि उन्हात काढलेले असतील, तर अडचण लेन्सची नाही आणि तुमचे पैसे वाचले.

आता हिशेब. अठरा-पंचावन्न किट लेन्स रुंद टोकाला एफ ३.५ पर्यंत उघडते आणि झूम करत गेलात की एफ ५.६ वर येते. चोवीस-सत्तर सगळीकडे एफ २.८ राहते. ५.६ ते ४ एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड; ४ ते २.८ दुसरा. दोन स्टॉप म्हणजे चौपट उजेड. म्हणजे किटवर १/५० शटर मिळत असेल तिथे १/२००. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो आणि अक्षता पडतात, त्या क्षणाचं उदाहरण घ्या. १/५० ला हवेतल्या अक्षता पांढऱ्या रेघा होतात आणि माळ घालणारा हात पुसट येतो. १/२०० ला तांदळाचे दाणे दाण्यांसारखे दिसू लागतात. वाढलेल्या आयएसओचा नॉइज (फोटोतली खरखर) आजची सॉफ्टवेअरं बऱ्यापैकी साफ करतात, पण हललेला हात काही परत शार्प होत नाही.

मॅन्युअल मोडवर, म्हणजे सेटिंग स्वतः लावून, काम करणाऱ्यांना किटचा आणखी एक जाच होतो. रुंद टोकाला एफ ३.५ वर एक्सपोजर जमवलं आणि झूम केलं, की सवा स्टॉपहून जास्त उजेड गेला. व्हिडिओत तर चालू शॉटमध्ये चित्र काळवंडताना दिसतं.

लेन्स मागवण्याआधी बॉडी बघा. कॅननच्या क्रॉप बॉडीवर (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) फोकल लेंथ १.६ पट असल्यासारखी वागते, निकॉनच्या १.५ पट, आणि फ्रेममध्ये तेवढं कमी मावतं. म्हणजे चोवीस-सत्तरचं २४ कॅननवर जवळजवळ ३८ सारखं वागतं. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माजघरात हळद असेल तर पाठ भिंतीला टेकते आणि तरी अर्धी भावकी फ्रेमबाहेर राहते. क्रॉप बॉडी असेल आणि फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) जायचा विचार नसेल, तर तपासायला सतरा-पंचावन्न किंवा सतरा-पन्नास टू पॉइंट एट मागवा. कॅननची सतरा-पंचावन्न आणि सिग्माची सतरा-पन्नास, दोन्हींत स्टॅबिलायझेशनही (हाताची थरथर सावरण्याची सोय) आहे. दुकानदार चोवीस-सत्तरच पुढे करेल, कारण नाव तिचं मोठं.

खरी चाचणी संध्याकाळी रामकुंडावर, आरतीच्या वेळी. तिथे ज्योती हलतात, पुजाऱ्यांचे हात फिरतात, मागे काळोख असतो आणि तेच तेच हातवारे पुन्हा येतात, त्यामुळे लेन्स बदलायला सवड मिळते. (बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा, धूर आणि धूळ भरपूर असते.) फ्लॅश बंद. मॅन्युअल मोड, शटर १/१६०, आयएसओ ऑटो, फोकल लेंथ दोन्हींवर ५०. किटचं अ‍ॅपर्चर त्या जागी मिळेल तेवढं पूर्ण उघडा, दुसरीचं २.८. एकाच जागेवरून, एकाच पुजाऱ्याचे दहा-दहा फोटो काढा. घरी आल्यावर तीन गोष्टी बघा. आयएसओ किती चढला. दहातले किती फोटो डोळ्यांवर शार्प आहेत. आणि फोकस पकडायला कॅमेरा किती वेळ पुढे-मागे करत होता (हे मात्र तिथेच टिपून ठेवा). कॅमेरा फोकस करताना लेन्स सहसा पूर्ण उघडी ठेवतो, म्हणून अंधारात टू पॉइंट एटला जास्त उजेड मिळतो आणि पकड बसते. मला विचाराल तर पैसे इथेच वसूल होतात. धूसर बॅकग्राउंड ही वरची मलई.

त्या मलईचाही एक काटा आहे. क्रॉप बॉडीवर, ५० मिलिमीटर, एफ २.८ आणि दीड मीटरवरून जोडीचा फोटो घेतला तर शार्प पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटरचा असतो. नवरीचे डोळे लख्ख, आणि अर्धी वीत मागे उभा राहिलेला नवरदेव पुसट. जोडीला एफ ४ किंवा ५.६ लावावंच लागतं, आणि तिथे किट लेन्स फार मागे राहत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर छोट्या जाहिरातींचं वर्तमानपत्राचं पान ताठ चिकटवा. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. दोन्ही लेन्स ३५ आणि ५० वर, एफ ५.६ आणि ८ ला. महागडी एफ २.८ लाही. कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचता येतात का ते बघा. डावा कोपरा स्वच्छ आणि उजवा पुसट असेल तर आधी कॅमेरा भिंतीला समांतर आहे ना ते तपासा. तो असेल, तर लेन्सच्या आतली काच सरकलेली असू शकते. जुनी लेन्स घेणाऱ्यांनी ही चाचणी टाळूच नये. शिवाय मागून मोबाईलची टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का तेही बघावं. आपल्याकडे पावसाळाभर बॅगेत कोंडलेल्या लेन्सला ती सहज लागते.

किट लेन्सची बाजूही मांडते. कॅननची अठरा-पंचावन्न एसटीएम साधारण २०५ ग्रॅमची, चोवीस-सत्तर एल टू (एल ही कॅननची महागडी मालिका) ८०५ ग्रॅमची. रात्री वरातीपर्यंत मनगटाला हा फरक कळतो. फिल्टर ५८ ऐवजी ८२ मिलिमीटरचा, आणि त्याची किंमतही तशीच. शिवाय त्या चोवीस-सत्तरमध्ये स्टॅबिलायझेशन नाही, किटमध्ये आहे. पांडवलेण्यांच्या अंधारात कोरीव खांब टिपायचे असतील तर किट लेन्स हातात धरून १/१० ला फोटो देऊन जाते, कारण खांब हलत नाही.

पाण्याचं म्हणाल तर किटला बहुधा पाणी-धूळ अडवणारं सील नसतं. कॅननच्या काही एल लेन्सचं सील पुढे फिल्टर लावल्यावरच पुरं होतं, चोवीस-सत्तरलाही मी लावूनच ठेवते. बॉडीला सील नसेल तर तेही वाया. आणि रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) कोणी धप्पा मारला, म्हणजे उडी घेतली, की उडणारं पाणी कुठल्याच सीलच्या भरवशावर घेऊ नका. प्लास्टिकचं कव्हर घाला आणि मागे उभे राहा.

दोन दिवसांनी फोटो समोर ठेवून ठरवा. गिऱ्हाईक बारा-छत्तीस इंचांचा अल्बम मागत असेल, सभागृहातली कामं असतील आणि रामकुंडावर किटचे दहातले चार-पाचच शार्प आले असतील, तर चोवीस-सत्तर (किंवा क्रॉपवर तपासलेली सतरा-पंचावन्न) घ्या, दोन-तीन सीझनमध्ये निघते. फोटो मोबाईलवरच बघितले जाणार असतील तर किट ठेवा आणि सोबत पन्नास मिलिमीटर एफ १.८ घ्या. तिच्यात झूम नाही, पायांनी पुढे-मागे व्हावं लागतं, पण ५.६ च्या तुलनेत तीन स्टॉपहून जास्त उजेड मिळतो आणि किंमत चोवीस-सत्तरच्या आसपासही जात नाही.