ईएमएल फाइल एककावर अडली तर

इंदूरच्या सिरपूर तलावावरच्या (२०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पक्षी-मोजणीचा तक्ता आम्ही ईएमएलमध्ये (इकॉलॉजिकल मेटाडेटा लँग्वेज, म्हणजे पर्यावरणाच्या नोंदींचं वर्णन, अर्थात मेटाडेटा, लिहायचा ठरलेला साचा) बसवायला घेतला. आर या संगणकभाषेतल्या ईएमएल पॅकेजने फाइल बनायची, पण तपासणीत नापास. घोळ एककांच्या रकान्यात: 'पक्षी' आणि 'सेमी'. प्रमाणित यादीत दोन्ही नाहीत. मोजलेल्या संख्येला तिथे 'नंबर' लागतं. प्रजाती कोणती, हे त्या रकान्याच्या व्याख्येत लिहायचं. 'सेमी'ऐवजी अख्खं 'सेंटीमीटर', तेही अमेरिकी स्पेलिंगमध्ये. सामूला (पीएच) 'डायमेन्शनलेस', म्हणजे एककाविना. एवढ्यावर फाइल पास झाली. यादीबाहेरचं एकक हवंच असेल तर ते कस्टम युनिट म्हणून घालून त्याची व्याख्या अतिरिक्त मेटाडेटात द्यावी लागते. उगाच व्याप, म्हणून टाळलं. रिकाम्या जागी भरलेला -९९९९ मात्र 'मिसिंग व्हॅल्यू कोड' म्हणून नोंदवलाच. नाहीतर पुढे सरासरी काढणाऱ्याची फजिती!