क्रूझच्या खासगी बेटावर व्हीलचेअरनं पाण्यापर्यंत कसं पोचावं

बहामातल्या क्रूझ कंपन्यांच्या खासगी बेटांच्या जाहिरातीत जहाज, पांढरी वाळू आणि निळं पाणी एकाच फोटोत मावतं. व्हीलचेअरवरच्या माणसाला मात्र त्यात दोन अवघड जागा पार करायच्या असतात: एक जहाजातून जमिनीवर, दुसरी पक्क्या रस्त्यावरून वाळूत. घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथेच. बेटावर पोचल्यावर हातात फारसं काही उरत नाही, म्हणून निम्मं काम बुकिंगच्या आधीच उरकून घ्या.

१. जहाज धक्क्याला लागतं की टेंडरनं जावं लागतं?

बाकी सगळ्याच्या आधी हा प्रश्न. डिस्नीचं कास्टअवे के (‘के’ म्हणजे छोटं बेट), रॉयल कॅरिबियनचं कोकोके, एमएससीचं ओशन के इथं जहाज थेट धक्क्याला लागतं. प्रिन्सेस केजला मात्र जहाज खोल पाण्यात थांबतं आणि टेंडर म्हणजे छोटी बोट प्रवाशांना किनाऱ्यावर नेते. जहाज आणि टेंडर लाटेवर वेगवेगळे हलतात. मधली फट आणि दोन्हींची पातळी दर लाटेला बदलते, त्यामुळे खुर्चीसकट माणसाला पलीकडे नेणं धोक्याचं होतं. बऱ्याच कंपन्या जड इलेक्ट्रिक व्हीलचेअर टेंडरमध्ये घेत नाहीत, आणि एक-दोन पावलंही टाकता येत नसतील तर नकार मिळू शकतो. आदल्या दिवशी ‘हो’ म्हटलेलं असलं तरी समुद्र खवळला तर कॅप्टन त्याच सकाळी ‘नाही’ म्हणू शकतो, आणि ते योग्यच असतं.

जुन्या माहितीवर विसंबू नका. नॉर्वेजियन कंपनीनं 1977 साली घेतलेल्या ग्रेट स्टिरप केवर वर्षानुवर्षं टेंडरच होता. अशा बेटांवर आता धक्के बांधले जाताहेत. तुमच्या तारखेला, तुमच्या जहाजाला काय लागू आहे, हे कंपनीच्या ॲक्सेसिबिलिटी विभागाला (अपंग प्रवाशांची सोय पाहणाऱ्या) ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. त्याच ईमेलमध्ये खुर्चीचं वजन, रुंदी आणि बॅटरीचा प्रकार कळवा.

‘आमचं जहाज अमेरिकी कायद्याप्रमाणे आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली अपंगांविषयीचा तिथला कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही अमेरिकी पाण्यात लागू होतो असा निर्णय दिला, तो जहाजांपुरता. बेट बहामाचं, तिथला कायदा वेगळा. बेटाची चौकशी स्वतंत्र करा: वाळूची खुर्ची (वाळूत चालणारी खास व्हीलचेअर) किती आणि कुठे मिळते, ट्रामला म्हणजे बेटावरच्या प्रवासी गाडीला रॅम्प आहे का, चाकं रुतू नयेत म्हणून वाळूवर अंथरलेली चटई कुठपर्यंत जाते, व्हीलचेअरचं स्वच्छतागृह किनाऱ्यापासून किती लांब आहे.

२. गँगवे उतरताना

बहामात भरती-ओहोटीनं पाणी साधारण एक मीटरच्या आसपास खालीवर होतं. त्यामुळे सकाळी सोपा वाटलेला गँगवे (जहाजातून धक्क्यावर उतरायचा उतरता पूल) दुपारी बराच उभा झालेला असू शकतो. व्हीलचेअरच्या रॅम्पचा रूढ उतार 1:12 असतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. गँगवे कित्येकदा याहून उभा असतो. हातानं ढकलायची खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून उतरवा. मागचा माणूस खालच्या बाजूला आणि कर्मचारी पुढून धरायला.

धक्का लांबही असतो. डिस्नीच्या लुकआउट केचा धक्का सुमारे 800 मीटरचा आहे. ऊन डोक्यावर असताना हे अंतर कमी नाही. ट्राम असेल तर ती घ्या, हात आणि बॅटरी वाळूसाठी राखा.

३. वाळूची खुर्ची

नेहमीच्या खुर्चीची पुढची चाकं लहान आणि अरुंद. वजन एवढ्याशा जागेवर येतं, चाक रुततं, मागून ढकललं की आणखी रुततं आणि माणूस पुढे फेकला जातो. इलेक्ट्रिक खुर्ची तर वाळूत नेऊच नका. मोटर तापते आणि एवढं वजन बाहेर ओढायला चार माणसं लागतात.

वाळूच्या खुर्चीला फुग्यासारखे रुंद टायर असतात, हवा अगदी कमी. अंगठ्यानं दाबून पाहा: थोडा दबला पाहिजे. दगडासारखा टणक असेल तर वाळू कापत जाईल, अगदीच लुळा असेल तर ओढताना दम निघेल. या खुर्च्या बहुतेक ठिकाणी ‘आधी येईल त्याला’ मिळतात, म्हणून पहिल्या तासातच उतरा.

दोन गोष्टी लोकांच्या उशिरा लक्षात येतात. या खुर्चीला हातानं फिरवायची कडी नसते, म्हणजे स्वतः चालवता येत नाही. ढकलणारा आपलाच हवा, कर्मचारी सहसा ढकलत नाहीत आणि उचलतही नाहीत. शिवाय पुष्कळ खुर्च्यांना ब्रेक नसतो.

म्हणून खुर्ची बदलायची ती पक्क्या रस्त्यावरच, वाळूत नाही. एकानं मागून हँडल धरून चाकाला पाय लावायचा, दुसऱ्यानं बसायला मदत करायची. बैठक खोल आणि मागे कललेली असते. बसताना शरीर आपोआप आत जातं, पण बाहेर पडताना वर ओढावं लागतं. उठताना किती जण लागतील याचा अंदाज बसण्याआधीच घ्या. आपली रोजची उशी जलरोधक खोळीत घालून खाली ठेवा; नुसत्या कापडावर तासभर बसून बेडसोरची (सतत दाबानं होणाऱ्या जखमेची) सुरुवात होऊ शकते.

कोरड्या भुसभुशीत वाळूत खुर्ची वळवून पाठमोरी ओढा: मोठी चाकं आधी चढतात, लहान मागून येतात. जागच्या जागी वळवू नका, लांब वळण घ्या. पाण्याजवळच्या ओल्या वाळूत चाक हलकं जातं. परतीचा चढ मात्र भारी पडतो, तिथे दोन माणसं ठेवा.

४. पाण्यात जाताना

पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) नळ्यांची साधी वाळूची खुर्ची घोट्याच्या वर पाण्यात नेऊ नका. फुगे टायर तरंगतात, चाकं वर उचलली जातात आणि खुर्ची कलंडते. तरंगण्यासाठीच बनवलेली खुर्ची वेगळी असते. ती आहे का ते नाव घेऊन विचारा. तिच्यावरही लाइफ जॅकेट घालायचंच, आणि दोन बाजूंना दोन माणसं. लाटा असतील तर हट्ट नको. कोकोकेच्या ओॲसिस लगूनसारख्या पोहण्याच्या तलावात काठ हळूहळू खोल होत जातो, तिथे भिजण्याचा आनंद कमी नाही.

५. ऊन आणि कातडी

मज्जारज्जूला वरच्या भागात इजा असेल तर त्याखालच्या अंगाला घाम नीट येत नाही, शरीर पटकन तापतं. पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवा आणि मान आणि दंड ओले करत राहा. पायांना संवेदना नसेल तर पाण्याचे बूट घालाच; तापलेली वाळू आणि शिंपल्याची धार कळत नाही, रक्त दिसतं तेव्हाच समजतं. खुर्चीचे पीव्हीसीचे हात तापतात, त्यावर टॉवेल टाका. केबिनमध्ये परतल्यावर मांड्यांखाली आणि कुल्ल्यांवर चिकटलेली वाळू धुऊन कातडी नीट पाहा.

६. खुर्ची धुणं

मीठ आणि वाळू रात्रभर राहू देऊ नका. साधी खुर्ची गोड्या पाण्यानं हलक्या धारेत धुवा. जोराच्या धारेनं वाळू उलट बेअरिंगमध्ये ढकलली जाते. इलेक्ट्रिक खुर्ची फक्त ओल्या फडक्यानं पुसा. आधी धुणं, मग पूर्ण वाळवणं, आणि शेवटी वंगण. आधी तेल घातलं तर वाळू त्यालाच चिकटून बसते. मग पुढची चाकं उचलून एकेक बोटानं फिरवा. खरखर ऐकू आली तर वाळू अजून आत आहे. चाक काढून आस पुसून घ्या.