अमेरिकेच्या राज्यघटनेवर लिहिताय? या चुका टाळा

१९ डिसेंबर २०१९, सकाळचे सात. चहा गाळत होते, तेवढ्यात आमच्याच वेबसाइटचा अलर्ट वाजला: 'ट्रम्प यांची हकालपट्टी'. गाळणं तसंच ठेवून डेस्कला फोन लावला. नवा मुलगा खुशीत होता. "ताई, महाभियोग मंजूर झालाय. म्हणजे गेलेच ना?"

बातमी दुरुस्त करता येते, लोकांच्या फोनवर पोचलेला अलर्ट नाही. दहा मिनिटांत स्क्रीनशॉट गावभर.

दोष त्याचा अर्धाच. आपल्याकडे राष्ट्रपतींवरचा महाभियोग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमताने मंजूर झाला की राष्ट्रपतींना पद सोडावं लागतं. शब्द तोच वापरला की चित्रही तेच उभं राहतं. अमेरिकेत मात्र प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने फक्त आरोप ठेवतं. खटला सिनेटमध्ये चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. त्या दिवशी पहिला आरोप २३० विरुद्ध १९७ मतांनी मंजूर झाला होता, एवढंच. ५ फेब्रुवारी २०२० रोजी सिनेटने ट्रम्पना मोकळं केलं. १८६८मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, १९९९मध्ये क्लिंटनही सुटले. आजवर एकही अध्यक्ष या वाटेने घरी गेलेला नाही. आणि कृपा करून निक्सनना या यादीत घालू नका. १९७४मध्ये सभागृहाचं मतदान व्हायच्या आतच ते राजीनामा देऊन मोकळे झाले.

तेव्हापासून 'महाभियोग' शब्द दिसला की मी कॉपीच्या कडेला दोन प्रश्न लिहिते: कुठल्या सभागृहात? किती मतांनी? उत्तर नसेल तर कॉपी परत.

दुसरं दुखणं पदांच्या भाषांतराचं. 'कॅलिफोर्नियाचे राज्यपाल' असं लिहिलं की वाचकाला राजभवन दिसतं. आपले राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तिथला गव्हर्नर लोकांच्या मतांवर निवडून येतो. कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. माझ्याकडे एकदा 'राज्यपाल केंद्राचं का ऐकत नाहीत?' असा अख्खा लेख आला होता. ऐकतील कशाला? वॉशिंग्टन त्यांना नेमतही नाही, काढूही शकत नाही. शिवाय घटनेने केंद्राला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. आपल्याकडे शिल्लक अधिकार केंद्राकडे. मी सरळ 'गव्हर्नर' लिहिते. मराठी बाटत नाही.

'राज्य सचिव' ही भाषांतरयंत्राची करामत. सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री. पण तो आपल्यासारखा खासदारही असू शकत नाही. मार्को रुबिओंना २०२५मध्ये त्या पदासाठी सिनेटची जागा सोडावी लागली.

बाकीच्या भराभर सांगते. 'काँग्रेस' म्हणजे फक्त प्रतिनिधिगृह नव्हे, ४३५ प्रतिनिधी आणि १०० सिनेटर मिळून काँग्रेस. 'जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध' हे शब्द १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले आहेत, १७८७च्या घटनेतले नाहीत. घटनादुरुस्तीला अध्यक्षांची सही लागत नाही, ३८ राज्यांची मान्यता लागते. पहिली दुरुस्ती, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची, सरकारचे हात बांधते, खासगी कंपनीने नोकरीवरून काढलं तर तिचा हवाला देऊ नका. अध्यक्षांचा आदेश म्हणजे संसदेचा कायदा नव्हे. अध्यक्ष ट्रुमननी अशाच आदेशाने पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा १९५२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत करायला लावले. आणि देशभरात जास्त मतं मिळवूनही माणूस हरतो, २०१६च्या हिलरी क्लिंटन आठवा. मोजायची ती २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांच्या वाट्याला आलेल्या निर्वाचकांची.

'तीन मिनिटांत अमेरिकेची घटना' छापाचे व्हिडिओ पाहून लिहायला बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मूळ घटना सात कलमांची, दुरुस्त्या २७. दोन कप चहात वाचून होते. आपल्या घटनेच्या मानाने ती पुस्तिकाच.

तो मुलगा नंतर दुसऱ्या ठिकाणी रुजू झाला. २०२१च्या संक्रांतीला पहाटे तीनच्या सुमारास त्याचा फोन. तिकडे ट्रम्पवर दुसरा महाभियोग मंजूर होत होता.

"ताई, प्रतिनिधिगृहात २३२ विरुद्ध १९७. 'आरोप निश्चित' लिहू ना?"

"लिही. आणि आता मला झोपू दे."