शरीराशी सूत जुळवताना या चुका टाळा

लग्नसराईत नाशिकच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. ट्रायल रूमच्या पडद्याआड मात्र एकेक जण स्वतःला जे बोलून घेतो, ते शेजारणीलाही कुणी बोलणार नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘स्वतःच्या शरीरावर प्रेम करा.’ सांगणाऱ्याचं काय जातं! प्रेम एकदम येत नाही. तोवर शरीराला नीट वागवणं तरी आपल्या हातात आहे, आणि बहुतेकांची गाडी नेमकी तिथेच अडते.

आरशासमोर ‘मी सुंदर आहे’ घोकणं

ज्याला ते आधीच पटलेलं आहे, त्याला याचा थोडाफार फायदा होतो. ज्याला पटत नाही, त्याचं मन लगेच उलट पुरावे काढून दाखवतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांना 2009 मध्ये हेच दिसलं: स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना अशी गोड वाक्यं म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. त्यापेक्षा खरं असेल तेवढंच म्हणा. ‘पोट सुटलंय. दोन बाळंतपणं झालीत. आज पाठ दुखतेय, जरा पडते.’ यात कौतुक नाही, पण शिवीही नाही.

मोबाइलच्या फोटोवरून स्वतःचा निकाल लावणं

गंगापूर धरणावर ग्रुप फोटो निघतो, ग्रुपवर येतो, आणि प्रत्येक जण आधी स्वतःचाच दंड झूम करून बघतो. कडेला उभं राहिलेल्याचं अंग वाइड लेन्समध्ये ताणलं जातं. सेल्फीचंही तसंच. फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, असा हिशेब 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडला होता. सेल्फी दाखवून नाक बारीक करून मागणारे त्यांच्याकडे येत होते. शिवाय रोज आपण स्वतःला आरशात उलटं पाहतो, म्हणून फोटोतला सुलटा चेहरा परका वाटतो. फोटो आठवण म्हणून ठेवा, झूम न करता.

मिसळ खाल्ली म्हणून सोमवारी काट्यावर चढणं

रविवारी मिसळ, वर पापड, वर अजून एक वाटी रस्सा. सोमवारी काटा किलोभर पुढे. लगेच रात्रीचं जेवण बंद! तो किलो चरबीचा नसतो. मिठामुळे अंगात पाणी थांबतं, पाव-फरसाणातलं पिष्ट साठतानाही सोबत पाणी धरून ठेवतं, आणि पोटात गेलेल्या अन्नाचं वजन वेगळंच. दोन-तीन दिवसांत काटा आपोआप मागे येतो. उपाशी राहिलात तर बुधवारी भूक अशी खवळते की डबा उघडून उभ्या उभ्या खाल्लं जातं, मग पुन्हा स्वतःला दोष. वजन बघायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उठल्यावर.

रंगावर प्रयोग

इथे मला राग येतो, म्हणून जरा लांबण लागेल. ‘सावळी आहे पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य अजून कांदेपोह्यांच्या ताटाबरोबर येतं. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आली. 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ गेला, घराघरातला गेला नाही. खरं नुकसान होतं ते चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मैत्रिणी ट्यूबचं नाव विचारतात. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, गालांवर लव वाढते. ट्यूब थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. अशी ट्यूब वापरात असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि दाखवताना ट्यूब बरोबर न्या.

मानेचंही एक. मुलीची मान काळी पडली की आई बेसन-हळद घेऊन बसते, ‘नीट घासत नाहीस’ म्हणून ओरडते. मळ असता तर निघाला असता. मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. घासणं थांबवा, डॉक्टरांना विचारून साखर तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा.

‘बारीक झाले की शिवेन’

जुना ब्लाउज चढत नाही, नवा शिवायचा नाही, आणि दर समारंभात तोच रुतणारा हूक. टेलरने आत माया सोडलेली असते, ती उसवून घ्या; नसेल तर आजच्या मापाचा नवा टाका. पोहायला जाणं, दांडिया, पांडवलेणी चढणं यांनाही हाच न्याय. दम लागला तर मध्ये बसा. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सगळ्या आकारांची माणसं चालतात, आणि खरं सांगायचं तर कुणीच कुणाकडे बघत नाही. सगळ्यांना घरी जाऊन चहा घ्यायचा असतो.

तब्येतीवरून बोलणाऱ्यांपुढे खुलासे देणं

‘काय गं, सुटलीस!’ म्हणणाऱ्या मावशीला थायरॉइडचा रिपोर्ट वाचून दाखवायची गरज नाही. ‘हो का? मावशी, गुडघा कसा आहे तुमचा?’ एवढं पुरतं. उलट बाजूने आपणही ‘किती बारीक झालीस, मस्त!’ म्हणणं सोडायला हवं. समोरची कावीळ काढून उठलेली असू शकते. आणि लेकीसमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका, ती तुमच्याकडूनच शिकते.

सगळं एकट्याने निस्तरणं

दिवसातले तास आरशापुढे जात असतील, खाऊन मुद्दाम उलटी काढली जात असेल, दिसण्यापायी कॉलेज किंवा माणसं टाळली जात असतील, तर हे लेख वाचून सुटणारं काम नाही. मानसिक त्रासासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलग्यांनीही लावावा, जिममध्ये मिळणाऱ्या पावडरी आणि इंजेक्शनांमागे हाच त्रास असू शकतो.