कॅज्युअल्टीतली पहिली ड्युटी: हात उगारला जाण्याआधी काय करायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॅज्युअल्टीत इंटर्न, निवासी डॉक्टर, सिस्टर किंवा ब्रदर म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. मारहाण झाली की सगळे म्हणतात, अचानक झालं. नीट चौकशी केली तर बहुतेक वेळा निघतं एवढंच, की अर्धा-पाऊण तास नातेवाइकाला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

पावसाळ्यात साप चावलेला रुग्ण घ्या. केळीच्या बागेतून नाहीतर कापसाच्या वावरातून चार माणसं त्याला उचलून आणतात. साप चावलाय हे सगळ्यांनी पाहिलंय. आणि डॉक्टर मात्र कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त घेऊन ती न हलवता 20 मिनिटं ठेवून देतो. 'इंजेक्शन आहे ना, मग देत का नाही?' इथेच ठिणगी पडते. म्हणून नळी ठेवतानाच जवळच्या माणसाला बोलवा, घड्याळ दाखवा: 'आप्पा, 20 मिनिटांत रक्त गोठलं नाही तर लगेच इंजेक्शन सुरू करतो. गोठलं तर आत्ता गरज नाही, पण पुन्हा पुन्हा तपासू. गरज नसताना दिलं तर त्याचीच रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते.' वेळ झाली की त्याच्यासमोरच नळी तिरपी करा. मण्यार किंवा नाग असेल तर रक्त गोठतं आणि तरी श्वास अडतो. त्यामुळे 'पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर धावत मला सांगा' हे कामही त्यालाच द्या. हाताला काम असलेला नातेवाईक सहसा भांडत नाही. (लक्षणं उघड दिसत असतील तर नळीसाठी थांबायचंच नसतं, हे वेगळं सांगायला नको.)

फवारणीचं औषध पोटात गेलेला रुग्ण याहून कठीण. अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध सुरू झालं की तो सुधारतो, बोलतो, चहा मागतो. मग 24 ते 96 तासांच्या दरम्यान मान उचलेना, श्वास थकला, व्हेंटिलेटर लागला असं होऊ शकतं. घरच्यांच्या मनात एकच हिशेब: काल चांगला होता, आज तुम्ही काहीतरी केलं. 'पहिले चार दिवस धोक्याचे' हे दाखल करतानाच सांगा, केसपेपरवर वेळेसह लिहा, ऐकणाऱ्याची सही घ्या.

कधी रुग्ण स्वतःच मारायला उठतो. तिथे त्याला दटावण्याआधी ग्लुकोमीटर लावा, ऑक्सिजन पाहा, डोक्याला मार आहे का तपासा, दारू कधीपासून बंद आहे ते विचारा. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं तरी माणूस बरळतो, नळ्या उपटतो. अशा रुग्णाविरुद्ध तक्रार लिहीत बसण्यात अर्थ नसतो. त्याला उपचार हवा असतो.

सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे 'इथे सोय नाही, पुढे न्या' हे वाक्य. मार्च 2017 मध्ये धुळ्यात अपघातातल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी निवासी डॉक्टरला जबर मारहाण केली, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी तिथे न्यूरोसर्जन नव्हता, त्यामुळे दुसरीकडे न्यायला सांगितलं होतं. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. न्यूरोसर्जन आणणं नव्या माणसाच्या हातात नसतं. रेफर करण्याचा क्रम मात्र असतो. आधी रक्तस्राव, श्वास, सलाईन सांभाळा. मग 108 ला फोन, मग पुढच्या रुग्णालयात कोण घेणार ते विचारून नाव टिपा, चिठ्ठी तयार करा, आणि त्यानंतरच नातेवाइकाला सांगा. 'गाडी निघालीय, नाशिकला अमुक डॉक्टरांशी बोललोय' आणि नुसतं 'नाशिकला न्या' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोलताना भाषा बघा. अहिराणीत 'काय व्हयनं, दादा?' एवढं विचारल्यानेही सूर खाली येतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्यांशी पावरी किंवा भिलोरी बोलणारी मावशी किंवा वॉर्डातला मामा सुरुवातीपासूनच सोबत घ्या. वाद पेटल्यावर त्यांना पुढे ढकलणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

उभं कुठे राहायचं हे कोणी शिकवत नाही. दार तुमच्या पाठीशी असू द्या, समोरच्याच्या नको. दोन हात अंतर ठेवा, थोडं तिरकं उभं राहा, तळवे दिसू द्या. स्टेथोस्कोप गळ्यात नको, खिशात. ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी हवी. कात्री, किडनी ट्रे, मोकळा सलाईन स्टँड हाताशी पडून राहू देऊ नका. आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा ओरडता ओरडता एकदम गप्प झालेल्याकडे लक्ष ठेवा. येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, आणि ज्याला रुग्णाचं नावही नीट माहीत नाही असा 'भाऊ' चारजणांसह आत शिरणं, ही पुढची पायरी. इथे वाद घालू नका. मदत बोलावण्यासाठी आधीच ठरवलेला शब्द मोठ्याने उच्चारा, सुरक्षारक्षक आणि वरिष्ठ येऊ द्या, 112 लावा. हा शब्द ड्युटी सुरू होतानाच सगळ्यांना माहीत हवा. मोबाईलवर शूटिंग चालू असेल तर फोन हिसकावायचा मोह आवरा. पहिला हात तिथेच उचलला जातो.

मृत्यूची बातमी एकट्याने, कॉरिडॉरमध्ये, उभ्याउभ्या कधीही देऊ नका. वरिष्ठ सोबत घ्या, घरातल्या दोघातिघांना बाजूच्या खोलीत बसवा, आणि 'ते वारले' असंच सांगा. 'प्रयत्न चालू आहेत' म्हणत वेळ काढला की नंतर खोटं बोलल्याचा ठपका बसतो, आणि तो खराच असतो.

तरी घडलंच, तर आधी स्वतःची तपासणी आणि एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर) नोंद. खरचटलं असलं तरी. फाटलेला अ‍ॅप्रन धुऊ नका, सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी लेखी मागा, शिव्या जशाच्या तशा लिहा. तक्रार संस्थेच्या नावाने जाऊ द्या. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या 16 ऑगस्ट 2024 च्या परिपत्रकात संस्थाप्रमुखाने 6 तासांच्या आत एफआयआर करावा असं म्हटलं आहे. राज्याचा 2010 चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा परिचारिका आणि विद्यार्थ्यांनाही लागू आहे: गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. फिर्यादीत या कायद्याचं नाव आलंय का ते सही करण्याआधी वाचा. सरकारी नोकरीत असाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 132 आणि इजा झाली असेल तर 121 सुद्धा. 'मिटवून टाका' म्हणणारे तासाभरात येतात, कधी आपल्याच ऑफिसातून. त्यांना एफआयआरची प्रत हातात पडल्यावर भेटा.

छळ सहकाऱ्याकडून किंवा वरिष्ठाकडून होत असेल आणि तो लैंगिक स्वरूपाचा असेल तर वाट वेगळी: 2013 च्या कायद्यानुसार महिला कर्मचाऱ्याने अंतर्गत समितीकडे 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. 10 पेक्षा कमी माणसांच्या दवाखान्यात अशी समिती नसते. तिथून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.