टॉर रिले चालवताय? तक्रारीची मेल आल्यावर या चुका टाळा

टॉर म्हणजे वापरणाऱ्याची ओळख लपवणारं नेटवर्क; त्यातली वाहतूक स्वयंसेवकांच्या सर्व्हरमधून, म्हणजे रिलेमधून, फिरते आणि शेवटच्या एक्झिट रिलेमधून बाहेरच्या साइटला पोहोचते. असा एक्झिट रिले चालवला की तक्रारी येणारच. जगात कुठेतरी बसलेला माणूस जे करतो ते शेवटी त्या सर्व्हरमधून बाहेर पडतं, आणि समोरच्या साइटच्या लॉगमध्ये (नोंदीत) आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आपला उमटतो. कुणी पासवर्ड ठोकून पाहतो, कुणी टोरंटवर सिनेमा उतरवतो, कुणी फॉर्ममध्ये कचरा भरतो. अशा तक्रारींपायी रिले सहसा बंद पडत नाही. उत्तर गेलं नाही म्हणून होस्टिंगवाला सर्व्हर काढून घेतो, तेव्हा पडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरच्या फायबरवर एक्झिट सुरू करणं. चौकशी आली तर ती थेट दारात येते. एक्झिट नसलेल्या रिलेचा आयपीसुद्धा जाहीर यादीत असतो आणि काही साइट ती अख्खी यादीच अडवतात. पीकविम्याची मुदत संपत आली असताना घरातल्या कुणाचा फॉर्म त्यापायी अडकू नये. गावाकडच्या बऱ्याच कनेक्शनला स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतोच, तिथे साधा रिलेही चालत नाही. अशा घरात स्नोफ्लेक प्रॉक्सी (टॉर अडवलेल्या ठिकाणच्या लोकांना टॉरपर्यंत पोहोचवणारं छोटं साधन) लावा. ती एक्झिट नाही, त्यामुळे कुठल्याही साइटला घरचा आयपी दिसत नाही.

एक्झिट भाड्याच्या सर्व्हरवरच हवा, आणि तोही होस्टिंगवाल्याची आधी लेखी परवानगी घेऊन. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात आणि व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने देणाऱ्यांना ग्राहकाची माहिती ५ वर्षं जपावी लागते. देशातला सर्व्हर घेण्याआधी हे वाचाच.

तक्रार येण्याआधीच्या चुका

आयपीचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून दिसणारं सर्व्हरचं नाव) कोरं ठेवू नका. त्यात ‘टॉर-एक्झिट’ हे शब्द दिसले की तक्रार लिहायला बसलेले अनेक ॲडमिन तिथेच थांबतात. पोर्ट ८० वर (सर्व्हरचं वेबपान जिथे उघडतं तिथे) टॉरसोबत मिळणारं एक्झिट सूचनेचं पान लावा. त्या फाइलमध्ये ‘फिक्समी’ लिहिलेल्या जागा असतात. तिथे आपला ईमेल आणि सर्व्हरचं नाव न भरता पान तसंच चढवलं तर त्याचा उपयोग शून्य. टॉरच्या सेटिंग फाइलमधल्या कॉन्टॅक्टइन्फोमध्ये रोज उघडला जाणारा ईमेल द्या. टोरंटच्या कॉपीराइट नोटिसा डोकं खात असतील तर त्याच फाइलमध्ये रिड्यूस्डएक्झिटपॉलिसी १ करा (म्हणजे मोजकेच पोर्ट उघडे राहतात), एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या) जास्त असतील तर पोर्ट २२ वेगळ्या ओळीने बंद करा. मेल पाठवण्याचा पोर्ट २५ मूळ पॉलिसीतच बंद असतो, तो हौसेने उघडू नका.

मेल आल्यानंतर

होस्टिंगवाले बऱ्याचदा २४ ते ४८ तासच देतात. कापूस वेचणीच्या दिवसांत माणूस दिवसभर वावरात, संध्याकाळी लाइन गेलेली, कॉम्प्युटर बंद. तेवढ्यात मुदत निघून जाते. तक्रारीचा ईमेल मोबाइलवर वाजेल असा ठेवा आणि उत्तराचा मसुदा फोनमध्येच तयार ठेवा. त्यात एवढं पुरतं:

“हा आयपी टॉर एक्झिट रिलेचा आहे. ही वाहतूक आमच्या मशीनवर सुरू झालेली नाही. ती कुणाची होती याची नोंद टॉर ठेवत नाही, त्यामुळे ते सांगता येणार नाही. तुमच्या सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट कळवा, तिकडे जाणारी वाहतूक आमच्या रिलेवरून बंद करतो. सगळेच टॉर एक्झिट अडवायचे असतील तर टॉर प्रोजेक्टची जाहीर यादी वापरता येईल.”

गोपनीयतेच्या हक्कावर लांबलचक प्रवचन देऊ नका. समोरचा माणूस खरोखर त्रासलेला असतो. त्याला काय करून देता येईल तेच लिहा. आणि ‘गुन्हेगार शोधून देतो’ असं आश्वासन कधीच देऊ नका, कारण ते खोटं ठरणार.

वेळ वाचताना फार जण फसतात. तक्रारीत बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतं, आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १४ तारखेच्या पहाटेचे २:१० म्हणजे तिकडे १३ तारखेचे रात्रीचे ८:४०. त्या वेळी आयपी रिलेचा होता हे एक्झोनरेटर या टॉरच्या साधनात सिद्ध होतं, पण तारीख यूटीसीचीच टाका. कालपरवाची नोंद तिथे लगेच सापडत नाही, तेव्हा टॉरच्याच रिले सर्चवरचं आपल्या रिलेच्या माहितीचं पान पाठवा.

तक्रार करणाऱ्या साइटकडे जाणारी वाहतूक बंद करायची म्हणून फायरवॉलमध्ये नियम टाकणं ही तांत्रिक चूक आहे. टॉर क्लायंटला (वापरणाऱ्याच्या टॉर प्रोग्रामला) वाटतं वाट उघडी आहे, जोडणी मात्र मरते; असल्या रिलेवर ‘बॅडएक्झिट’ (एक्झिट म्हणून वापरू नये असा) शिक्का बसू शकतो. टॉरच्या सेटिंग फाइलमध्ये एक्झिटपॉलिसी रिजेक्टची ओळ लिहा. त्यात साइटचं नाव चालत नाही, आयपी लागतो. पहिली जुळणारी ओळ लागू होते, म्हणून ती ॲक्सेप्टच्या ओळींच्या वर हवी. मग टॉर रीलोड करा. दोषी शोधायला वाहतूक कॅप्चर करणं तर अजिबात नको. वापरणाऱ्यांचा विश्वास तिथेच मोडतो आणि कायद्याचं लफडं मागे लागतं.

एक्झिट नसलेल्या रिलेवर पोर्ट स्कॅनची (दुसऱ्या सर्व्हरचे उघडे पोर्ट चाचपल्याची) तक्रार आली तर घाबरून सर्व्हर पुसू नका. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुणीतरी रिलेंचे आयपी खोटे वापरून पॅकेट पाठवली होती आणि निर्दोष रिलेंवर तक्रारींचा पाऊस पडला होता. सर्व्हर तपासा, मग पॅकेटचा उगम खोटा असू शकतो असं होस्टिंगवाल्याला स्पष्ट लिहा.

पोलिसांची नोटीस आली तर मात्र तयार मसुदा पाठवायचा नाही. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ९४ खाली कागदपत्रं मागितली असतील तर काहीही डिलीट न करता आधी वकील गाठा, नागपूरला हायकोर्टाच्या खंडपीठात सायबर प्रकरणं पाहणारा मिळाला तर उत्तम. एक्झोनरेटरच्या निकालाची प्रिंट आणि होस्टिंगची पावती सोबत न्या.