डिव्होर्स झाला, आता चर्चमधलं लग्न अवैध ठरवून घ्यायचंय?

आमच्या वसईच्या कॅथलिकांत डिव्होर्स झाला की पहिली अफवा उठते, ‘आता हिला कम्युनियन (मिस्सेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद) मिळणार नाही.’ साफ चूक. नुसत्या घटस्फोटाने कम्युनियन थांबत नाही. चर्चबाहेर दुसरा संसार थाटला तर प्रश्न येतो. चर्चमध्ये पुन्हा लग्नाला उभं राहायचं असेल तर मात्र पहिलं लग्न मुळातच अवैध होतं, असा धर्मप्रांताच्या (बिशपांच्या हाताखालच्या भागाच्या) चर्च-न्यायालयाचा निर्णय लागतो.

सुरुवात आपल्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांकडून करा. लग्न जिथे लागलं, दोघांपैकी कोणीही जिथे राहतं किंवा जिथे बहुतेक पुरावे मिळतील, तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. नवरा कुवेतला गेलाय म्हणून अडत नाही. कॅथलिक असून लग्न फक्त रजिस्टर केलं असेल, चर्चमध्ये कधी लागलंच नसेल, तर एवढा खटलाही लागत नाही, कागदपत्रांवर काम होतं.

बाप्तिस्म्याचा नवीन काढलेला दाखला, चर्चचा विवाह दाखला आणि सरकारी कोर्टाची घटस्फोटाची डिक्री जवळ ठेवा. खरी मेहनत आहे निवेदनात.

पॅरिशमधल्या लोकांना ते लिहायला मी मदत करते. बहुतेकांची पहिली पानं लग्नानंतरच्या भांडणांनी भरलेली असतात. एका मुलीने लिहिलं होतं, ‘पिऊन यायचा, मारायचा, घरात पैसा द्यायचा नाही.’ सगळं खरं. पण न्यायालय विचारतं ते वेगळं: वेदीसमोर ‘हो’ म्हणताना काय परिस्थिती होती? तिच्या चौथ्या पानावर कंसात एक ओळ सापडली. लग्नाआधी तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता आणि सासरच्यांनी ‘गल्फला होता’ असं सांगितलं होतं. ती ओळ आम्ही पहिल्या पानावर आणली. व्यसन लपवून होकार मिळवला, तर ती कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) १०९८ खालची फसवणूक ठरू शकते. मारहाणही लिहायचीच, पण मूळ दोष आधीपासून होता हे दाखवण्यापुरती. जबरदस्तीने किंवा धाकाने लावलेलं लग्न ११०३ मध्ये येतं, मानसिक अक्षमता १०९५ मध्ये. तिथे सहसा मानसतज्ज्ञाचं मतही घेतात.

साक्षीदार निवडताना तुमच्या बाजूने तावातावाने बोलणारी वहिनी नको. साखरपुड्याच्या आधीपासून तुम्हा दोघांना ओळखणारी माणसं हवीत.

समोरच्याला नोटीस जातेच, ती टाळता येत नाही. तो गप्प बसला तरी केस पुढे जाते. ‘डिफेंडर ऑफ द बाँड’ नावाचे अधिकारी लग्न वैध होतं या बाजूने मुद्दे मांडतील. ते त्यांचं कामच आहे, मनाला लावून घेऊ नका.

पूर्वी दोन न्यायालयांचा एकसारखा निकाल लागायचा. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ पासून ती अट काढली. आता पंधरा दिवसांत अपील झालं नाही तर पहिलाच निकाल कायम होतो. दोघांचीही संमती असेल आणि पुरावा उघड असेल तर बिशपांसमोरचा छोटा मार्गही आहे. फीचं आधीच विचारा, ऐपत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

आयांना सगळ्यात जास्त भीती मुलांची वाटते. निर्णय काहीही लागो, मुलं औरसच राहतात, कॅनन ११३७ तसं सांगतो. उलट चर्चच्या निर्णयाने सरकारी कायद्यात काही बदलत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१७ मध्येही हेच सांगितलं. म्हणून कोर्टाची डिक्री आधी.

निकाल हाती आला की खालची ओळही वाचा. कधी कधी न्यायालय परवानगीशिवाय नवं लग्न करायला मनाई घालतं. विवाह आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली का ते ऑफिसात विचारा. हॉलचा ॲडव्हान्स त्यानंतर भरा.